सोमवारचा ताप

माझा एक जुना विद्यार्थी वेल्डिंगचा धंदा करतो. मध्यंतरीं तो घरीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, दर सोमवारीं रात्रीं हींव भरून ताप येतो आणि दुसरे दिवशीं उतरतो. रक्त तपासलें, हिंवताप नाहीं. घरचीं माणसें दृष्ट काढतात." मीं विचारलें, "हल्लीं काम कसलें चाललें आहे?" तो म्हणाला, "जस्त चढविलेल्या नळांचें." तेथेंच उलगडा झाला.

जस्त ९०७ अंश सेंटिग्रेडला उकळतें. वेल्डिंगची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. जस्ताची वाफ हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावते व झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. हेंच द्रव्य मलमांतून कातडीस लावतात, तेथें तें निरुपद्रवी. परंतु धुरांतील त्याचे कण इतके सूक्ष्म, कीं केसाच्या जाडींत ते शेंकडों मावतील. नाकाची चाळणी चुकवून ते फुप्फुसांतील कोट्यवधि वायुकोशांपर्यंत पोहोंचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. पेशींतील आम्लांत ते विरघळतात व जस्ताचा भार पेशींस सोसवत नाहीं. मदतीस पांढऱ्या पेशी धांवतात, दाह होतो, आणि कांहीं तासांनीं ताप चढतो.

हा विकार जुनाच आहे. पितळ ओतणाऱ्या इंग्रज कामगारांच्या अशाच तापाविषयीं डॉक्टर ग्रीनहाउ यांनीं १८६२ सालीं लिहिलें होतें.

मग सोमवारच कां? रोजच्या धुरास शरीर तात्पुरतें सरावतें. रविवारच्या सुटींत तो सराव मोडतो. म्हणून इतर दिवशीं ताप आला नाहीं, तर धूर बाधला नाहीं असें समजूं नये. सरावणें म्हणजे सुरक्षित होणें नव्हे.

जस्ताचा ताप बहुधा एकदोन दिवसांत ओसरतो. कॅडमियमच्या धुराचा आरंभही असाच असतो. पण पुढें फुप्फुसांत पाणी सांचून प्राणावर बेततें. दम लागूं लागला, तर घटकाभरही न थांबतां रुग्णालय गांठावें.

गूळ खाल्ल्यानें धूर बाधत नाहीं, ही समजूत भाबडी आहे. गूळ अन्ननलिकेनें जातो, धूर श्वासनलिकेनें. खरा उपाय म्हणजे मोकळी हवा, धूर तोंडापासून दूर ओढणारा पंखा आणि योग्य मुखपट्टी. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवीत नाहीं.

आपल्या घरीं नळ वा कठडा जोडण्यास कारागीर आला, तर त्याला बंद खोलींत बसवूं नका. गच्चीची किल्ली द्या. एवढें आपल्या हातीं खचित आहे.