पडद्याकडे पाठ करा

ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं, की आपण आधी लॅपटॉप उघडतो. काय सांगायचं, ते मागाहून ठरतं. घोळ इथेच होतो.

१९८७मध्ये पॉवरपॉइंट आलं आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायची सवय हळूहळू सगळीकडे पसरली. अहो, पण ऐकणाऱ्यांनाही वाचता येतं की! पडद्यावर लांबलचक वाक्यं दिसली, की लोक ती वाचत बसतात आणि तुमचं बोलणं वाऱ्यावर जातं. गाय कावासाकी या अमेरिकी गुंतवणूकदारांनी यावर एक हिशेब सांगितला: स्लाइड १०, मिनिटं २०, आणि अक्षर ३० पॉइंटांपेक्षा लहान नको. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. अक्षर मोठं केलं, की मजकुराला आपोआप कात्री लागते.

प्रेझेंटेशनमधून काही मागायचं असेल, तर ती मागणी सुरुवातीलाच सांगा. "नव्या यंत्रासाठी ८ लाख हवेत," हे कानावर पडलं, की साहेब पुढचे आकडे लक्ष देऊन ऐकतात. तालीम मोठ्याने, घड्याळ लावून करा. आणि हो, प्रोजेक्टर ऐन वेळी रुसतो, म्हणून मुख्य आकडे एका कागदावर छापून खिशात ठेवा.