मोठं दुकान उठलं, आता गाळ्यांचं काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात मॉलवर भाषण कशाला, असं दोन-तीन जणांनी मला कालच विचारलं. कारण साधं आहे. आपल्या दिंडोलीत, उधन्यात, लिंबायतमध्ये घरटी एक माणूस कापडात आहे, आणि आता दर दहा-पंधरा घरांमागे एकाचे पैसे कुठल्यातरी मॉलच्या किंवा शॉपिंगच्या गाळ्यात अडकलेत. लूम्सवर तीस वर्षं काढून उरलेला फंड, गावाकडचं अर्ध बिघा विकून आलेली रक्कम, बायकोच्या बांगड्या. "जिभाऊ, एक गाळा घेऊन टाक, म्हातारपणी भाडं येत राहील," असं कोणीतरी म्हणतं आणि माणूस घेऊन टाकतो. माझी उमेद व्यापारी संकुलांचे हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळे हे गाळे आतून कसे चालतात आणि कसे बंद पडतात, हे मी रोजकीर्दीत पाहिलंय. त्यावरच बोलतो.

आधी मॉलचं गणित समजून घेऊ. मॉलमध्ये एक मोठं दुकान असतं, सगळं काही एका छपराखाली मिळणारं. कपडे, भांडी, किराणा, खेळणी. इंग्रजीत त्याला जहाजाच्या नांगराचं नाव दिलंय, ते बरोबरच आहे. ह्या मोठ्या दुकानाला जागा स्वस्तात मिळते. फुटामागे त्याचं भाडं सगळ्यात कमी. मग मालकाला परवडतं कसं? तर त्या दुकानासाठी जी गर्दी येते ती जाता-येता बाकीच्या शंभर छोट्या दुकानांसमोरून जाते, आणि ही छोटी दुकानं फुटामागे भरपूर भाडं देतात. म्हणजे छोटा दुकानदार खरं तर जागेचं भाडं देतच नाही, गर्दीचं देतो. आता ते मोठं दुकानच उठलं तर?

ही पद्धत अमेरिकेतून आली. मिनियापोलिसजवळ एडायना नावाच्या गावात 1956 साली साउथडेल नावाचा मॉल उघडला. पूर्ण बंदिस्त, आतली हवा थंड-गरम ठेवणारा तो पहिला. त्यात दोन मोठी दुकानं होती. तो आखला व्हिएन्नाहून आलेल्या व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुविशारदाने. त्याच्या मूळ आराखड्यात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असं सगळं होतं. गावकऱ्यांना बसायला-उठायला चौक मिळावा, ही त्याची कल्पना. दुकानं तेवढी झाली, बाकीचं राहिलं. पुढे हजारो मॉल निघाले ते ह्या अर्ध्या आराखड्यावर. मग 2018 च्या ऑक्टोबरात सिअर्स ही तिथली जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, 2020 मध्ये जेसी पेनी गेली, आणि 2024 च्या सुरुवातीला मेसीजने आपली सुमारे 150 दुकानं 2026 पर्यंत बंद करणार असं जाहीर केलं. साउथडेलमधलं जेसी पेनी गेलं तेव्हा त्या जागी व्यायामशाळा आणि कार्यालयं आली. ग्रुएनचा राहिलेला अर्धा आराखडा साठ वर्षांनी असा मागच्या दाराने आत येतोय.

आपल्याकडे हे नाटक फार लवकर आटोपलं. मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडला 1999 मध्ये. देशातला पहिला मॉल म्हणून त्याचं नाव घेतात. सुरुवातीला तिथे इतकी झुंबड उडाली की दारात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर आत जायचे पैसे भरा, असा नियम काढला होता! तो लवकरच मागे घ्यावा लागला, ते वेगळं. पुढे त्याचं नाव बदललं, मालक बदलला, दुकानं उठत गेली. शेवटी 2024 मध्ये के. रहेजा कॉर्पने बँकांचे 476 कोटी रुपये भागवून तो ताब्यात घेतला. पंचवीस वर्षांत बारसं आणि बारावं दोन्ही.

आणि मोठ्या दुकानाचं म्हणाल, तर आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं एकच. बिग बाझार. 2001 मध्ये सुरू झालं. प्रजासत्ताक दिनाच्या सेलला डोक्यावर बादल्या आणि काखेत उशा घेऊन निघालेली माणसं आठवतात ना? सुरतेतही होतं ते. कर्ज वाढत गेलं, टाळेबंदीने कंबर मोडली, रिलायन्सला विकायचा सौदा झाला तो अॅमेझॉनबरोबरच्या कज्ज्यात अडकला, आणि 2022 च्या फेब्रुवारीत भाडं थकलेल्या दुकानांच्या जागा रिलायन्सने आपल्याकडे घेतल्या. त्याच वर्षी जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2024 च्या जुलैत ती मोडीत काढायचा हुकूम झाला. बऱ्याच जागी स्मार्ट बझारची पाटी लागली. जिथे नाही लागली, तिथल्या आजूबाजूच्या गाळेवाल्यांना जाऊन विचारा.

लोक म्हणतात, ऑनलाइनने मारलं. थोडंफार खरं आहे. पण मग डी-मार्ट का भरलेलं असतं? तिथे सरकता जिना बघायला कोणी जात नाही. महिन्याचा किराणा भरायला जातात. 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान निघालं तेव्हापासून त्यांचा कल एकच. शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, वस्तीजवळ घ्यायची, मॉलच्या मागे धावायचं नाही. म्हणजे मोठं दुकान जिवंत आहे, त्याला मॉलची गरज उरलेली नाही. गाळेवाल्याची खरी अडचण ही आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण मॉल बांधणाऱ्यांना सांगायला हवी होती. आपल्याकडे कापड म्हणजे बस्ता. लग्न ठरलं की धुळ्या-नंदुरबारकडून, अमळनेर-शिरपूरकडून पंधरा-वीस माणसं सकाळच्या गाडीने सुरतेला येतात, रिंग रोडवरच्या मार्केटात गादीवर बसतात, चहा होतो, शेठ शंभर साड्या उलगडतो, मामी रुसते, नवरदेवाची आत्या वेगळाच रंग काढते, आणि संध्याकाळी गाठोडी बांधून माणसं परत. हा बस्ता काचेच्या दारामागे, पाठीवर किंमत चिकटवलेल्या हँगरवर कसा होणार? तिथे ना बसायला गादी, ना भाव करायला माणूस. जगातलं सगळ्यात मोठ्या कापडबाजारांपैकी एक शहर हे, आणि इथे कपड्यांच्या भरवशावर मॉल उभे केले.

2023 मध्ये नाइट फ्रँक ह्या कंपनीने देशातल्या 29 शहरांतले मॉल तपासले. ज्यात चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी, त्यांना त्यांनी घोस्ट मॉल म्हटलं. त्यातल्या आठ मोठ्या शहरांतच असे 64 निघाले, आदल्या वर्षी 57 होते. भुताचे मॉल! आमची आजी म्हणायची, दिवा न लावलेल्या घरात भूत येतं. इथे तर वीजबिल थकल्यामुळेच दिवा लागत नाही.

पण त्याच काळात मोठे, नीट चालवलेले मॉल मात्र भरलेले होते. लोअर परळला फिनिक्स आहे. कापडगिरणीच्या जागेवर उभा राहिला, आज तिथे पाय ठेवायला जागा नसते. फरक कशात? इथे मी जरा थांबतो, कारण मला मुख्य सांगायचंय ते हेच.

फरक मालकीत आहे. जिथे मालक एक, तो गाळे विकत नाही, भाड्याने देतो. मोठं दुकान गेलं की तो रिकाम्या मजल्याचं काय करायचं ते ठरवतो. सिनेमा आणतो, खाण्याची दुकानं आणतो, भिंती पाडतो, चुकलं तर पुन्हा बदलतो. पण आपल्याकडचे बरेच मॉल बिल्डरने गाळागाळा करून विकलेले असतात. पाचशे गाळे, पाचशे दस्तावेज, पाचशे मालक. एक दिंडोलीत, एक दोंडाईच्यात, एक न्यू जर्सीत. मोठ्या दुकानाची जागा वेगळ्याच्या नावावर. ती रिकामी झाली की कोणी कोणाला विचारायचं?

मग काय होतं ते मी वह्यांमध्ये पाहिलंय, क्रम ठरलेला असतो. भाडेकरू गेला म्हणून दहा जण मेंटेनन्स भरत नाहीत. मेंटेनन्स कमी आला म्हणून एसी दुपारचाच चालतो. मग सरकता जिना बंद. जिना बंद म्हणजे दुसऱ्या मजल्यावर कोणी चढत नाही. मग दुसऱ्या मजल्याचे तीस गाळेवाले भरायचं थांबवतात. मग वॉचमन कमी, संडासला कुलूप. एका अशाच ठिकाणी आपल्याच गल्लीतल्या एका आप्पांबरोबर मी गेलो होतो. त्यांनी स्वतःच्या गाळ्याचं शटर वर करून पाहिलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "बठ्ठं बंद शे." चौदा वर्षांपूर्वी घेतलेला गाळा. पहिली तीन वर्षं बिल्डरने कबूल केलेलं भाडं आलं, चौथ्या वर्षापासून काही नाही. ते तीन वर्षांचं भाडं गाळ्याच्या किमतीतच चढवलेलं होतं, हे आप्पांना कोण सांगणार? वेरा मात्र दर वर्षी येतो. महानगरपालिका गिऱ्हाईक आलं का, असं विचारत नाही.

ह्या वाटेच्या शेवटी काय असतं, ते भांडुपला दिसलं. ड्रीम्स मॉल. 2009 मध्ये उघडला, सुमारे हजार छोटे गाळे, मालक अनेक. कारभार इतका बिघडला की 2018 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रशासक नेमला. वर जागा मोकळी होती, 2020 मध्ये कोविडच्या गडबडीत सगळ्यात वरच्या मजल्यावर रुग्णालय सुरू झालं. आणि 2021 च्या मार्चमध्ये, 25 तारखेच्या मध्यरात्री, खालच्या मजल्यावर आग लागली. धूर वर गेला. 11 रुग्णांचे प्राण गेले.

आपल्याला भांडुपला जायचीही गरज नाही. सरथाण्याचं तक्षशिला आर्केड. 24 मे 2019. वरच्या बेकायदा मजल्यावर क्लास चालत होता, 22 जणांचा जीव गेला, बहुतेक आपली शिकणारी पोरं. तो व्हिडिओ ह्या मंडपातल्या प्रत्येकाने पाहिलाय, मी त्याचं वर्णन करत नाही.

हे दोन्ही मी मुद्दाम सांगितलं. कारण रिकाम्या मजल्यांवर काय आणायचं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं क्लास, दुसरं दवाखाना, तिसरं जिम. उत्तरं चूक नाहीत. ग्रुएनला तेच हवं होतं. दिंडोलीला चांगला दवाखाना हवाच आहे, पोरांना अभ्यासिका हवी आहे, म्हाताऱ्यांना बसायला जागा हवी आहे, लग्नाला परवडेल असा हॉल हवा आहे. ही माणसं रोज येतील, सेलपुरती नाही. पण साड्या ठेवायला बांधलेला मजला आणि दोनशे पोरं बसवायचा मजला ह्यांचं जिन्याचं माप वेगळं, पाण्याच्या टाकीचं माप वेगळं, वापराची परवानगी वेगळी, आग विभागाची एनओसी वेगळी. एकट्या गाळेवाल्याने गुपचूप भाडेकरू घातला तर तो स्वतःचं भाडं कमावतो आणि शेजारच्या चारशे नव्व्याण्णवांना धोक्यात घालतो. दुसरा जिना काढायचा तर दहा जणांचे गाळे कापावे लागतात. ते कापायला दहा जण कधी तयार होतील? त्यांना बाकीच्यांनी भरपाई दिली तर. आणि भरपाई देणार कोण? सोसायटी असली तर सोसायटी.

म्हणून माझा आग्रह सोसायटीचा आहे. 2016 चा रेरा कायदा गाळ्यांनाही लागू आहे. निम्म्याहून जास्त बुकिंग झालं की तीन महिन्यांत गाळेधारकांची संस्था स्थापन करणं बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि सामाईक जागा त्या संस्थेच्या नावावर यायला हव्यात. जुन्या संकुलांत बहुतेक ठिकाणी सर्व्हिस सोसायटी कागदावर असते. सभा कधी झाली विचारा. अध्यक्ष म्हणून अजूनही बिल्डरचा मेहुणा असतो.

एक चांगला उपाय काही ठिकाणी लोक करतायत. एका मजल्यावरचे सगळे गाळेवाले एकत्र येतात, मधल्या भिंती काढून पूर्ण मजला एकाच भाडेकरूला देतात, आणि भाडं फुटाप्रमाणे वाटून घेतात. कोपऱ्यातला गाळा माझा, मला जास्त पाहिजे, हा हट्ट सोडावा लागतो. दहा रुपयांच्या जागी सहा येतात. पण येतात. आपल्या लोकांना हे अवघड जाऊ नये असं मला वाटतं. कानबाईला भाऊबंदकीतली सगळी घरं एकत्र येतात, रोट एकत्र होतात, तेव्हा कोणाच्या घरचे किती गहू दळले ह्याचा हिशेब कोणी मागत नाही. अर्थात रोटाला नसतो तेवढा वाद भाड्याला असतो, हे मलाही ठाऊक आहे.

आणि ज्यांनी अजून गाळा घेतलेला नाही, त्यांना एवढंच: सुपर बिल्टअप नका ऐकू, कार्पेट किती ते विचारा. मेंटेनन्स किती आणि थकबाकी किती ते विचारा. मोठ्या दुकानाची जागा कोणाच्या नावावर आहे, त्याचा करार किती वर्षांचा आहे, ते विचारा. बिल्डर म्हणाला की ते गुप्त असतं, तर चहा पिऊन घरी या. आपल्या वस्तीत "खाली शॉपिंग, वर फ्लॅट" अशा इमारतीतला रस्त्यालगतचा छोटा गाळा, जिथे दूध-दळण-औषधाला माणूस येणारच, तो मला मॉलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चकचकीत गाळ्यापेक्षा बरा वाटतो. कोणाला हे जुनाट वाटेल. वाटू द्या.

आरतीची वेळ होत आलीय, मुलं ताशाजवळ घुटमळतायत, तेव्हा आटोपतं घेतो. मंडळाच्या सचिवांशी बोलणं झालंय. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी मंडळाच्या कार्यालयात बसणार आहे. ज्यांचे कुठेही गाळे आहेत त्यांनी दस्तावेज, वेऱ्याची पावती आणि मेंटेनन्सची शेवटची बिलं घेऊन यावं. एकाच संकुलातले पाच-सहा जण निघाले तर त्यांची तिथेच एकमेकांशी गाठ घालून देतो. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा.