एक वडगाव, अनेक वडगावे

पुणे जिल्ह्यात वडगाव नावाचे गाव एक नाही. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर अशी अनेक वडगावे तेथे आहेत, आणि या जोडनावांतील पहिला शब्द प्रथम वस्ती करणाऱ्यांच्या तोंडचा, तर दुसरा बहुधा महसुली दप्तराच्या गरजेतून आलेला आहे. घरे जेथे उभी राहत त्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची रीत होती. पांढरीजवळ वड, पिंपळ, बोर किंवा उंबर असे जे झाड ठळकपणे दिसे, त्यावरून ओळख सांगणे सर्वांना सोपे जाई, म्हणून दूरदूरच्या लोकांनी एकमेकांना न विचारता तेच नाव ठेवले.

अडचण आली ती साऱ्याची, म्हणजे जमीन-महसुलाची, नोंद करताना. एकाच नावाच्या दोन मौजांचा, म्हणजे महसुली गावांचा, हिशेब मिसळू नये म्हणून फारसी वापरणाऱ्या राजवटींच्या काळात थोरल्या गावाला ‘बुजुर्ग’ आणि धाकट्याला ‘खुर्द’ ही विशेषणे जोडली जाऊ लागली, आणि त्यांपैकी ‘बुजुर्ग’चे शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘बुद्रुक’ झाले. हे थोरले-धाकटेपण नोंदीच्या वेळचे असल्यामुळे आजच्या लोकसंख्येवरून ते पारखणे योग्य नव्हे. इतरत्र मावळासारखा प्रदेश किंवा निंबाळकरांसारखे घराणे ही ओळख पुरवते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर या नावात तर गावाचे दैवतच आले आहे.

मूळ गावापासून शेताकडे राहायला गेलेल्यांची ‘वाडी’ बहुधा आडनावाने ओळखली जाते, आणि तेथे नाव राहणाऱ्यांचे असते. गावकुसाबाहेरच्या, म्हणजे गावाच्या तटाबाहेर ठेवलेल्या, वस्त्यांना मात्र हा अधिकार मिळाला नाही. त्यांच्यावर जातीचे नाव इतरांनी लादले आणि पुढे तेच कागदोपत्री पत्ता म्हणून चालत राहिले. हा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. 2020 च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय फार उशिरा झाला. आता नवे नाव फलकाबरोबर शाळेच्या दाखल्यावर आणि टपालाच्या पत्त्यावरही येणे तितकेच आवश्यक आहे.