रविवारचा वर्ग



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि नोकरीतल्या अनुभवांवर बोल असं सुचवलंय. कॉम्प्युटरबद्दल ऐकायला तुम्ही इतक्या लांबून आला नसाल, म्हणून मी माझ्या रविवारच्या वर्गाबद्दल बोलते. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. घरकामाला येणाऱ्या मावशी, वॉचमन, एक कॅबचालक, एक आजी, असे चौदा जण.

आपण एबीसीडी गिरवली ती पाचवीत. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यामुळे माझ्या वर्गात पहिलीपासून इंग्रजी शिकलेली एक बारावी पास मुलगी आहे आणि तिच्या शेजारी चौथीत शाळा सुटलेल्या मावशी. त्यांच्या हातात इंग्रजीचं पुस्तक कधी पडलंच नव्हतं.

मी पडले इंजिनिअर! पहिल्याच दिवशी लेखी चाचणी घेतली आणि अ, ब, क असे तीन गट पाडले. फार व्यवस्थित काम झालं असं वाटलं. तिसऱ्या रविवारी 'क' गटातल्या एक मावशी आल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "ताई, शाळेत मागच्या बाकावर होते, तुम्ही पण मागंच बसवलंत." मला काही बोलता आलं नाही.

मग लक्षात आलं, चाचणीच चुकली होती. कॅबचालक विमानतळावरच्या गिऱ्हाइकांशी धडाधड इंग्रजी बोलतो, पण पाटी वाचता येत नाही म्हणून 'क'मध्ये. मुलीला पैकीच्या पैकी, म्हणून 'अ'मध्ये. पण इंग्रजीत फोन आला की ती तो भावाच्या हातात देते. यातलं हुशार कोण, सांगा बरं!

गट मोडले. आता सगळ्यांपुढे एकच वस्तू ठेवते. एकदा गोळ्यांचं पाकीट ठेवलं. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी 'ईएक्सपी' ही तीन अक्षरं शोधायची आणि पुढचा महिना-साल सांगायचं; आकडे सगळ्यांना येतातच. कॅबचालकानं गोळी जेवणाआधी की नंतर हे इंग्रजीत विचारायचं. मुलगी झाली केमिस्ट, तिला उत्तर द्यावंच लागतं. मग तिनं त्याला पाकिटावरचं नाव वाचायला शिकवायचं. आजींना यातलं काहीच नको असतं, त्यांना फक्त कॅनडातल्या नातवाचं बोलणं कळायला हवंय. त्या रुग्ण होतात.

हे सोपं नाही. तयारीला शनिवारची अख्खी संध्याकाळ जाते आणि तरीही कुणीतरी पाच मिनिटांत संपवून जांभया देतंच.

त्या मावशी अजून वर्गात आलेल्या नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आले. परवा मात्र लिफ्टमध्ये त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. "ताई, हिची तारीख गेलीय ना?"

खरंच गेली होती. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाल्या, "खालच्या वॉचमननं."