सुरू होता होता अडणारा संगणक



वसंत व्याख्यानमालेतील विषय भारदस्त असावा असा संकेत आहे. संतवाङ्मय, स्वातंत्र्यसंग्राम, पाणी, शेती हे विषय या व्यासपीठास शोभतात. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. टेबलावरच्या संगणकाचे बटण दाबावे, त्याने सुरू होऊ लागावे आणि मध्येच थिजून जावे. अशा वेळी काय करावे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषय लहान आहे खरा. परंतु ज्याच्यावर ही वेळ येते त्याच्या तोंडचे पाणी पळते, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल.

२००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आपल्या मराठवाड्यातील हजारो स्त्रीपुरुष संगणक शिकले. चालू असलेले यंत्र कसे वापरावे हे त्यांस आले. न चालणाऱ्या यंत्रापुढे कसे बसावे, हे मात्र बहुतेकांस कोणी शिकविले नाही. आज लातूरच्या आडत दुकानातील हिशेबपट्ट्या, नांदेडच्या शाळांतील निर्गम उतारे, वकिलांचे दावे, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी आणि घरोघरचे लग्नाचे फोटो या पेटीत आहेत. तेव्हा ती पेटी अडली म्हणजे केवळ यंत्र अडले असे होत नाही.

प्रथम आमच्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगतो. नांदेडातील एका शाळेच्या कार्यालयातून जून महिन्यात आम्हांस फोन आला. प्रवेशाचे दिवस, खिडकीपुढे पालकांची रांग, आणि संगणक पडद्यावर गोल फिरणारे ठिपके दाखवून तेथेच थांबलेला. आम्ही घाईत होतो. “बंद करून पुन्हा सुरू करून पाहा,” असे सांगून आम्ही फोन ठेवला. लिपिक बिचारे आज्ञाधारक. त्यांनी दोन दिवसांत तीसएक वेळा तो बंद करून सुरू केला. तिसऱ्या दिवशी पेटीतून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला आणि नंतर काहीच येईना. हार्ड डिस्क आजारी होती. प्रत्येक वेळी आम्ही तिला पुन्हा धावावयास लावीत होतो. नवी डिस्क बसवून यंत्र संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाले. परंतु आतील नोंदी गेल्या. जुने जनरल रजिस्टर कागदावर होते म्हणून निभावले. मागील दोन वर्षांच्या गुणपत्रकांचे तक्ते मात्र संगणकाखेरीज कोठेच नव्हते. ते पुन्हा जुळविण्यासाठी शिक्षकांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडले, आणि जे मिळाले नाही ते नाहीच मिळाले. त्या दिवसापासून आम्ही फोनवर पहिला प्रश्न वेगळा विचारतो. “या यंत्रात असे काय आहे, की जे दुसरीकडे कोठेही नाही?” या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज पुढचा उपाय सांगावयाचा नाही, असा आम्ही नेम केला आहे.

आता यंत्र सुरू होते म्हणजे काय होते ते पाहू. संगणकास वीज मिळते तेव्हा त्यास काहीच ठाऊक नसते. विंडोज डिस्कवर असते, आणि डिस्क कशी वाचावी हे सांगणारे शहाणपणही डिस्कवरच असते. मग आरंभ कोठून व्हावा? यासाठी मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक लहानशी आज्ञावली कायमची लिहून ठेवलेली असते. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. ती प्रथम रॅम, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी घेते. मग डिस्कवरील एका छोट्या कार्यक्रमास जागे करते. तो विंडोजच्या गाभ्यास जागे करतो. गाभा एकेका भागाचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, कामास लावतो, आणि शेवटी आपले नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो. कावड जशी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, तसे हे काम हातोहात पुढे जाते. कावड ज्या खांद्यापाशी थांबली, तो खांदा अगोदर पाहावा. सगळ्या वाटेवर धावाधाव करण्याचे कारण नाही.

म्हणून दुसरा प्रश्न असा की, यंत्र नेमके कोठे थांबले? थांबण्याच्या जागा चार आहेत.

पहिली जागा म्हणजे पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. येथे विंडोजचा दोष असू शकत नाही, कारण तिची पाळीच आलेली नाही. अगोदर पडद्याची वायर व त्याची वीज पाहावी. मग रॅमकडे संशयाने पाहावे. प्लग काढावा, बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा आणि रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. काही यंत्रे अशा वेळी शिटी वाजवितात किंवा पाटीवरील लहान दिवा लावतात; त्या खुणेचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह येते आणि यंत्र तेथेच थांबते. याचा अर्थ हजेरी घेताना कोणीतरी उत्तर दिलेले नाही. लातूरच्या एका आडत दुकानात आम्ही हा प्रकार पाहिला. मुनीमजींनी तीन जणांस बोलाविले होते. एकाने विंडोज नवी टाकण्याचा सल्ला दिला होता, दुसऱ्याने नवे यंत्रच घ्यावयास सांगितले होते. आम्ही पेटीच्या मागे लावलेले सर्व काही काढले. फक्त पडदा, कीबोर्ड आणि माऊस ठेवला. यंत्र मुकाट्याने सुरू झाले. मग एकेक वस्तू लावीत गेलो. मागच्या बाजूस कोणीतरी विसरलेला एक बिघडलेला पेन ड्राइव्ह निघाला, आणि यंत्र त्याच्याच उत्तराची वाट पाहत बसले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण त्या दिवशी आम्हांस नव्याने कळली. पेटीमागचे सामान काढून पाहावयास पैसा लागत नाही. म्हणून तो उपाय अगोदर.

याच ठिकाणी आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. घड्याळ वारंवार मागे जात असेल, तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर पाटीवरील नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याचे नाव सीआर २०३२. तो ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळवाल्याकडेही मिळतो.

तिसरी जागा म्हणजे गोल ठिपके फिरतात आणि पुढे काही नाही. येथे घाई करू नये. मोठे अपडेट बसत असेल तर अर्धा तासही लागू शकतो. पेटीवरील डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे. परंतु टक्‌ टक्‌ किंवा खरखर असा आवाज असेल तर तत्क्षणी वीज बंद करावी आणि पुन्हा बटण दाबू नये. ज्यांच्याकडे नवी एसएसडी आहे, त्यांची डिस्क आवाज न करताच जाते. तेथे कान उपयोगी पडत नाही.

चौथी जागा म्हणजे पासवर्ड दिला, पडदा आला आणि मग सर्व थिजले. येथे दोष बहुधा आपणच बोलाविलेल्या पाहुण्यांचा असतो. सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे कार्यक्रम दहा-वीस झालेले असतात. त्यांतील अर्धे बंद करून पाहावे. यंत्र चालले तर दोषी त्या अर्ध्यांत आहे; न चालले तर उरलेल्यांत. असे अर्धे-अर्धे करीत गेल्यास वीसांतील एक चार-पाच फेऱ्यांत सापडतो.

तिसऱ्या व चौथ्या जागी सेफ मोडचा फार उपयोग होतो. या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच चालक घेऊन उभी राहते. सुरुवात दोन-तीन वेळा अर्धवट राहिली की विंडोज १० व ११ दुरुस्तीचा पडदा दाखवितात. तेथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज असे जावे, यंत्र पुन्हा सुरू होऊ द्यावे आणि ४ हा आकडा दाबावा. सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालले तर यंत्राचे अवयव बहुतांशी धड आहेत, आणि दोष एखाद्या चालकात, अपडेटमध्ये किंवा कार्यक्रमात आहे, असे समजावे. जे शेवटी बसविले ते अगोदर काढावे.

१९ जुलै २०२४ या दिवशी सर्व जगास याचे प्रात्यक्षिक मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेली एक सदोष फाईल विंडोजच्या यंत्रांत शिरली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक सुरू होता होता कोसळू लागले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांस हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. उपाय काय निघाला? यंत्र सेफ मोडमध्ये न्यावे आणि ती एक फाईल काढून टाकावी. लाखो यंत्रे अडली होती, पण त्यांतील माहिती जागच्या जागी होती. ज्याने घाबरून डिस्क पुसली असेल, त्याने मात्र चालते घर पाडले असे म्हणावे लागेल.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्याकडे “फॉरमॅट मारून देतो” हा शब्द फार सैल झाला आहे. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. पाटी पुसल्यावर ती स्वच्छ दिसते यात नवल नाही. तीवर काय लिहिले होते हा प्रश्न आहे. म्हणून दुरुस्तीच्या अगोदर प्रत. उबंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली फुकट मिळते आणि ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावते. तिच्यावरून यंत्र सुरू केल्यास विंडोजला हात न लावता डिस्कवरील कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरविता येतात. त्यातच एक परीक्षाही होते. लिनक्सवर यंत्र सुरळीत चालले, तर रॅम व प्रोसेसर बहुधा निर्दोष आहेत. आवाज करणारी डिस्क मात्र घरी न चालविता जाणत्याकडेच द्यावी. आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या अनेक यंत्रांत डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते. त्याची किल्ली ४८ अंकी असते. ती आजच, यंत्र धड असताना, कागदावर लिहून कपाटात ठेवावी. यंत्र अडल्यावर ती शोधीत बसणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय.

हवामानाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, धूळ बारमाही असते आणि विजेचा दाब कमीजास्त होतो. प्रोसेसरवरील पंखा धुळीने बुजला म्हणजे सकाळी चालणारे यंत्र दुपारी अडते. वेळेप्रमाणे बदलणारा दोष दिसला की उष्णतेचा संशय घ्यावा. वर्षातून दोनदा, वीज काढून, मऊ ब्रशाने धूळ झाडावी. यूपीएस वापरावा, ऐन लिहिताना वीज गेल्याने विंडोजच्या फाईली अर्धवट राहतात.

सारांश, एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर ते कशाने सुरू झाले हे कधीच कळत नाही, आणि महिन्याने तोच दोष परत येतो. जू खांद्यावर ठेवताच बैल बसला तर जाणता शेतकरी आधी पराणी उचलत नाही. तो खूर पाहतो, खांदा पाहतो, जू पाहतो. यंत्रास तोंड नाही, पण ते कोठे बसले हे ते प्रत्येक वेळी दाखविते.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद उघडावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या बस्त्यात बांधलेला कागद लोकांच्या कामी आला. आज आपण जे संगणकात लिहितो, ते पन्नास वर्षांनी कोणाच्या कामी येईल काय? तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. दुसऱ्या गावी का, हे ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या लातूरकरांस सांगण्याची गरज नाही. नांदेडकरांनी आपली प्रत लातूरच्या पाहुण्यांकडे ठेवावी आणि लातूरकरांनी नांदेडच्या. सोयरीक त्यासाठीही उपयोगी पडो.