भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी मुक्काम



तळ्याकाठी तंबूत राहायचा बेत निघाला की आपण आधी सुट्टी बघतो. कोण कोण येणार, गाडी कुणाची, जेवणाचं काय, एवढं जुळलं की सगळं ठरलं असं वाटतं. माझं सांगणं असं आहे की आधी पाण्याची चौकशी करा आणि मग तारीख धरा. पवना, मुळशी, कोयनेचा शिवसागर, भंडारदरा अशा ज्या पाण्याकाठी आपण हौसेनं मुक्कामाला जातो, ते सगळे धरणांचे जलाशय आहेत. त्यांचा काठ बारा महिने एका जागी राहत नाही.

आज भंडारदऱ्याबद्दल बोलतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, शेंडी गावाजवळ प्रवरा अडवून विल्सन धरण बांधलं. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. साठा सुमारे अकरा टीएमसी. प्रवरा उगम पावते वर रतनगडाच्या अंगाला, आणि इथं अडवलेलं तिचं पाणी पुढं निळवंडे धरणात, मग ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या शेतीला जातं. पावसाळ्यात घाटघर आणि रतनवाडीला किती पाऊस झाला याचे आकडे त्या भागातली माणसं वर्तमानपत्रात आधी वाचतात, कारण खालच्या उसाचा हिशेब तिथं लागतो. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याच्या आगेमागे धरण भरतं. पुढे रब्बीचं आवर्तन सुटतं, मग उन्हाळी आवर्तन सुटतं, आणि प्रत्येक आवर्तनाबरोबर काठ खाली खाली सरकत जातो.

ऑक्टोबरात जिथं गवताच्या मुळाशी पाणी डुचमळत असतं, तीच जागा मे महिन्यात पाण्यापासून पार लांब पडलेली असते आणि मध्ये भेगाळलेला गाळ असतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ गेलं की पपडीखाली ओला चिखल असतो आणि पाय आत जातो. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधी कळलेलं बरं. जाहिरातीतली छायाचित्रं बहुधा भरल्या धरणाची असतात. म्हणून फोनवर पहिला प्रश्न विचारावा तो असा, की आज पाणी कुठवर आहे?

मला विचाराल तर सगळ्यात चांगला काळ म्हणजे ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबर. धरण भरलेलं असतं, उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली असते, खाचरांत भाताची कापणी चाललेली असते. मात्र परतीचा पाऊस रेंगाळत असेल तर दुपारनंतर ढग चढतात आणि विजा होतात. मोकळ्या काठावर तुमचा तंबू हीच सगळ्यात उंच वस्तू असते, आणि एकट्या झाडाखाली जाणं त्याहून वाईट. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसायचं. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, पण थंडी कडक. डोंगरावरची गार हवा रात्री उतरून खोलगट जागी साचते, आणि सगळ्यात खोलगट जागा म्हणजे पाण्याचा काठ. पाण्यापासून थोडं वर, उतारावरच्या सपाटीवर तंबू लावला तर पहाट सुसह्य होते. जुलै-ऑगस्टात तंबूचा हट्ट धरू नये. तिथला पाऊस आडवा येतो. त्या दिवसांत पर्यटन महामंडळाच्या निवासात किंवा गावातल्या घरी राहावं आणि धबधबे डोळे भरून बघावेत.

राहिला मे-जूनचा संधिकाल. वळवाचे पहिले शिंतोडे पडले की सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखू लागतात. या दिवसांत धरण आटलेलं असतं, तरी माणसांची रीघ लागते ती या काजव्यांसाठी. पण तिथं नेमकं काय चाललेलं असतं, हे समजून मग जावं. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतातून किंवा पानाआडून त्याला उत्तर देते, आणि त्या उजेडाच्या खुणेवर त्यांची जोडी जमते. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं. तेवढ्यात गाडीचे दिवे, मोबाइलची बॅटरी, कॅमेऱ्याचा फ्लॅश त्या झाडावर पडला की दोघांना एकमेकांच्या खुणा दिसेनाशा होतात. गवत तुडवलं तर माद्याच चिरडतात, आणि पुढच्या वर्षीचे काजवे तिथंच संपतात. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे. नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी, वन खात्यानं रात्रीसाठी घातलेली बंधनं पाळावीत, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर जरूर टाळावा. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ नुसतं उभं राहायची तयारी असेल तरच त्या झाडाखाली जावं.

आता तंबूची जागा. काठावरची जमीन मोकळी दिसली तरी बेवारस नसते. काही जलसंपदा खात्याची, काही वन खात्याची, बाकी शेतकऱ्यांची. आपल्याकडच्या कितीतरी धरणांत पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे ते कुणाचं तरी शेत असतं. विचारल्याशिवाय खुंटी ठोकू नये. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू कधीच नको, कारण वर डोंगरात पाऊस झाला तर खाली पाणी न सांगता येतं. इथं मुरूम आणि कातळ असल्यामुळे पातळ खुंट्या वाकतात. जाड लोखंडी खुंट्या न्याव्यात, नाहीतर दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधाव्यात. तंबूच्या वरच्या झडपा थंडी वाजली तरी उघड्या ठेवाव्यात. बंद केल्या की रात्रभरच्या श्वासाची वाफ कापडाला धरते, पहाटे थेंब थेंब अंगावर ओघळते आणि पांघरूण ओलं होतं. अंगाखाली जाड सतरंजी किंवा फोमची चटई हवीच, कारण पांघरुणं कितीही घेतली तरी खालून जमीन ऊब ओढून घेते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. शेगडी, निखारे, कोळसा, काहीही तंबूच्या आत नेऊ नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि पुन्हा उठत नाही. शेकोटी बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीसुद्धा परवानगी असेल तिथंच, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून पुरती विझवलेली.

दुसरी गोष्ट पोहण्याची. धरणाचा तळ नदीच्या घाटासारखा पायरीपायरीनं उतरत नाही. पाण्याखाली बुडालेले बांध आहेत, ओढ्यांच्या घळी आहेत. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला बुडतो, आणि गाळात पाय अडकला की पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. पाय धुवावेत, काठावर बसावं. नावेत बसायचं तर जीवरक्षक जाकीट घालूनच. आणि दारू प्यालेल्या माणसाला पाण्याजवळ फिरकू देऊ नये.

या काठावर महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या जमिनी या पाण्यात गेल्या, पाणी गेलं खालच्या तालुक्यांना. उन्हाळ्यात या डोंगरी पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांत बायकांना हंडे घेऊन लांब जावं लागतं. म्हणून मे महिन्यात जाताना पिण्याचं पाणी बरोबर न्या, आणि गावात अंघोळीला बादल्यांवर बादल्या मागू नका. जेवणाचं सामान मात्र शहरातून नेऊ नका. ते गावातच सांगा. नागलीची भाकरी थापताना मावशी उकड काढतात, गरम असतानाच मळतात आणि पाण्याचा हात लावत लावत परातीत ती गोल फिरवतात. चुलीवरून उतरलेली ती काळसर भाकरी, ठेचा आणि पिठलं, यापुढे शहरातून आणलेली पाकिटं फिकी आहेत. माणसं किती हे आदल्या दिवशी कळवा, ठरलेले पैसे त्या घरातच द्या. रात्री दहानंतर गाणी बंद. सकाळी उठून आवणीला किंवा कापणीला जाणारी ही माणसं आहेत.

कचरा शहराएवढ्या सोयीनं उचलायला तिथं कुणी येत नाही. स्वतःचा कचरा पोत्यात भरून गाडीतून परत आणायचा. शौचाची सोय गावातल्या घरी ठरवून घ्यावी. ती नसेल तर पाण्यापासून शंभर पावलं तरी लांब, खड्डा खणून.

परतीच्या दिवशी घाई करू नका. दवानं भिजलेला तंबू तसाच गुंडाळला तर त्याला बुरशी धरते. ऊन वर आलं की तो काठावर पसरा, आणि वाळेपर्यंत रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं देऊळ बघून या. खांबांवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात चांगलं दिसतं. शेजारची पुष्करणी बघायला विसरू नका.