“उद्यापासून येऊ नका” म्हणाले तर?

आपल्यातल्या कितीतरी जणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जातात. सुपरवायझर तोंडी सांगतो, “उद्यापासून येऊ नका,” आणि आपण गप्प घरी बसतो. बसू नका! कामगार आयुक्तांच्या नाशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथले अधिकारी मालकाला बोलावून समेटाचा प्रयत्न करतात. पूर्वी समेट फसला, की प्रकरण कोर्टाकडे पाठवायचं की नाही हे सरकार ठरवायचं. 2010 पासून, 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर आपण स्वतः दाद मागू शकतो. नव्या संहितेतही हा हक्क आहे. मुदत मात्र काढल्यापासून दोन वर्षं. ओळखपत्र, पगाराची स्लिप, पासबुक जपून ठेवा. आणि कोऱ्या कागदावर सही? अजिबात नाही.